दिवा लागला नाही म्हणून

श्टुटगार्ट शहर एका खोलगट वाटीत वसलेले आहे. गेल्या हिवाळ्यात देगरलोखहून त्या वाटीत उतरताना माझ्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. समोर एकही दिवा लागलेला नव्हता. पॅड झिजले की दिवा लागतो. दिवा नाही म्हणजे पॅड शाबूत, या हिशेबावर मी पाच वर्षे निर्धास्त होतो. तो हिशेब कुठे चुकला, त्याचा हा शोध.

आपल्याकडे ज्याला सर्रास ‘लायनर’ म्हणतात, त्याची कथा इथून फार दूरची नाही. ऑगस्ट १८८८मध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा तिने वाटेतल्या मोच्याकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. झिजायचे ते आवरणाने, आणि आवरण बदलता आले पाहिजे, ही कल्पना आजच्या पॅडपर्यंत टिकून आहे.

आज चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला कॅलिपरमधले दोन पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात. ऑटोबानच्या मोठ्या भागावर वेगमर्यादा नाही. ताशी १०० ऐवजी २०० किलोमीटरने धावणारी गाडी थांबवताना चौपट ऊर्जा जिरवावी लागते. म्हणून जर्मन गाड्यांचे पॅड सहसा करकरीत पकड घेणारे असतात. त्यापायी डिस्कही झिजते आणि चाके काळ्या धुळीने माखतात. या धुळीवर युरोपने २०२४च्या ‘युरो ७’ नियमांत प्रथमच मर्यादा घातली.

आता दिव्याकडे येऊ. पॅडच्या खाचेत प्लास्टिकच्या खुंटीत बसवलेली बारीक तार असते. पॅड साधारण ३ मिमीवर आला की डिस्क ती तार कापते, मंडल तुटते आणि दिवा लागतो. ही बीएमडब्ल्यूची पद्धत. मर्सिडीजच्या अनेक जुन्या मॉडेलांत उलटे आहे: उघडी पडलेली तार डिस्कला टेकते, मंडल पूर्ण होते, मग दिवा. मला पहिली पद्धत शहाणपणाची वाटते. तिथे तार कुठेही तुटली तरी बोंब होते, दुसरीत तुटलेली तार गप्प बसते. पण दोन्हींना कळते ते फक्त आपल्या जागेपुरते. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक मॉडेलांत सेन्सर पुढे डाव्या आणि मागे उजव्या चाकालाच असतो. माझ्याही गाडीत पुढे उजवीकडे तारच नव्हती.

जर्मनीत तासावर लिफ्ट भाड्याने देणारी गॅरेजे आहेत. काम आपणच करायचे. उजवे चाक काढले. आतला पॅड पत्र्यापर्यंत संपलेला, बाहेरचा ५ मिमी शिल्लक. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांतली एक हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने गंजून जाम झाली होती. पिस्टनकडचा पॅड एकटाच राबत होता. डावीकडे पॅड ६ मिमी, तार अखंड. सेन्सर खोटे बोललाच नव्हता.

उजव्या डिस्कची जाडी कडेवर कोरलेल्या २२.४ मिमी मर्यादेखाली गेली होती. नवी २४ची असते. एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाके सारखी थांबली पाहिजेत, म्हणून डावी डिस्कही बदलली. सेन्सर काढतानाच तुटला; उष्णतेने त्यांचे प्लास्टिक ठिसूळ होते. हबवरचा गंज घासून काढला, नाहीतर नवी डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही दिवसांनी पेडल थरथरते. पिना साफ केल्या. पिस्टन मागे दाबताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते, त्यावर एक डोळा ठेवला.

चाके चढवून मी किल्लीकडे हात नेला, तर गॅरेजचे वयस्क मालक गाडीपुढे येऊन उभे राहिले. ‘‘आधी पेडल दाबा,’’ म्हणाले. दाबले. ते थेट तळाला गेले! मागे ढकललेला पिस्टन अजून पॅडपर्यंत आलाच नव्हता. चौथ्या दाबाला पेडल घट्ट झाले, तेव्हा कुठे ते बाजूला झाले. बाहेर लगेच उतार होता.

इथे टायर ऑक्टोबरात आणि ईस्टरला बदलतात. यंदा ईस्टरला चाके उतरली असताना चारही बाजूंचे आतले पॅड बॅटरीच्या उजेडात पाहिले. मागचा डावा ४ मिमीवर होता. दिवा अर्थातच नव्हता. त्याच आठवड्यात मागचे चारही पॅड बदलले.