मेहरूणची बी पेरली म्हणून मेहरूण येत नाही

गैरसमज: जळगावच्या मेहरूण बोराची बी बांधावर टाकली की तीच गोडी उगवते.

बोरीच्या फुलांवर माश्या-मधमाश्या झाडाझाडांवरून फिरतात. त्यामुळे बियांत शेजारच्या गावठी बोरीचाही अंश उतरतो आणि येणारं झाड कसं निघेल, याचा भरवसा नसतो. तीच चव हवी असेल, तर त्याच झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, दुसऱ्या बोरीच्या सालीत भरावा लागतो.

गैरसमज: बांधावरची, डोंगरउतारावरची गावठी बोर बिनकामाची, ती उपटून टाकावी.

उलट, ज्यावर डोळा भरायचा तो तयार खुंट आहे. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, शिरपूरकडे ही झाडं कुणी न लावता उगवतात. त्यांचं सोटमूळ इतकं खोल जातं की कोरड्या वर्षीही झाड तग धरतं. रोपवाटिकेतल्या पिशवीत ते मूळ गुंडाळलं जातं, म्हणून रोप आयतं आणण्यापेक्षा बी जागेवरच लावून डोळा भरणं जास्त शहाणपणाचं. मोठं झाड असेल तर ते उन्हाळ्यात बुंध्याशी छाटावं, जोमदार तीन-चार धुमारे ठेवावेत आणि पावसाच्या सुरुवातीला त्यांवर डोळे भरावेत. डोळ्याखालून फुटणारे धुमारे मात्र सतत खुडावे लागतात. इथेच आळस होतो. मग गावठी फांदी जोर करते आणि लोक रोपवाटिकेला दोष देत बसतात.

गैरसमज: जंगलात कोण छाटतं? तरी बोरं लागतातच.

लागतात, पण बारीक आणि शेंड्याला. बोरीला फूल येतं ते नव्या फुटीवर, म्हणून पानं गळालेली असताना, एप्रिल-मेमध्ये छाटणी करतात. शिवाय रानातली बोरही तशी सुटत नाही: कुंपणाच्या काट्यांसाठी आणि शेळ्यांच्या पाल्यासाठी तिच्यावर कोयता चालतोच.

गैरसमज: अ‍ॅपल बोर म्हणजे सफरचंद आणि बोर यांचा संकर.

त्यात सफरचंदाचा काही संबंध नाही. ते थायलंडकडून आलेलं मोठं बोरच, आणि त्याचं कलमही गावठी खुंटावरच बांधतात.

गैरसमज: बोरं खाल्ली की सर्दी होते.

सर्दी विषाणूंमुळे होते. ताज्या बोरात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा जास्त असतं, वाळवल्यावर ते बरंच घटतं.

गैरसमज: किडकं बोर गोडच असतं.

गोडीचा आणि किडीचा संबंध नाही. फळमाशी कोवळ्या बोरात अंडी घालते, अळी गर खाऊन बाहेर पडते आणि मातीत कोष करते. म्हणून गळलेली बोरं झाडाखाली कुजू द्यायची नाहीत, वेचून खोल पुरायची, आणि उन्हाळ्यात आळ्यातली माती चाळवून कोष उन्हात उघडे पाडायचे.