डच वनचित्र आणि चोळमंडलाचा किनारा

पाश्चात्त्य चित्रकलेत निसर्गाला स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा मिळाली, याचे बरेचसे श्रेय सतराव्या शतकातील डच चित्रकारांकडे जाते. धर्मकथेतील प्रसंगांना केवळ पार्श्वभूमी पुरविणारे वृक्ष, जलाशय आणि आकाश त्यांच्या चित्रांत प्रधान झाले. या परंपरेतील वनचित्रांचे श्रेष्ठ निर्माते म्हणजे याकोब फान राइस्डाल (मृत्यू १६८२) आणि त्याचा शिष्य माइंडर्ट होब्बेमा (१६३८–१७०९).

राइस्डालचे दलदलीतील वनाचे एक प्रसिद्ध चित्र सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे. अग्रभागी साचलेले गडद पाणी, त्याच्या काठी मोडून पडलेला बुंधा, पलीकडे पिळवटलेल्या फांद्यांचे जुनाट ओक आणि त्यांच्या फटीतून दिसणारे उजळ आकाश. वठणे आणि पालवणे येथे एकाच दृष्टिक्षेपात येतात. चित्रकाराने वनात बसूनच हे रंगविले असावे, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्या काळी हॉलंडमध्ये वने फारशी उरलीच नव्हती. जहाजबांधणीचे लाकूडही नॉर्वे व बाल्टिक प्रदेशांतून आणावे लागे. शिवाय या चित्राची मांडणी रूलांट साफेरी या पूर्वसूरीच्या रचनेवरून केलेल्या एका मुद्राचित्रावर आधारलेली आहे. तपशिलामागे मात्र राइस्डालचे स्वतःचे निरीक्षण आहे. तरुणपणी त्याने जर्मन सीमेवरील बेंटहाइमचा परिसर पाहिला होता. महाकाव्यातील ऋतुवर्णनात संकेत परंपरेचा आणि प्रतीती कवीची असते, तसेच हे होय.

या चित्रांचा ग्राहक मुख्यतः व्यापारी नागरवर्ग होता. त्याच वर्गाच्या ईस्ट इंडिया कंपनीने चेन्नईच्या उत्तरेस पुलिकत येथे १६१३ मध्ये गेल्ड्रिया किल्ला उभारला आणि चोळमंडलाच्या कापडाचा व्यापार चालविला. गावाच्या ‘पळवेर्काडु’ या तमिळ नावातील ‘काडु’ म्हणजे वनच. तथापि डच वनचित्रांचा संस्कार या किनाऱ्यावर आला तो इंग्रजांमार्फत. गेन्झबरोने राइस्डालच्या एका वनचित्राची प्रतिकृती रेखाटली होती. त्याच्या ‘कॉर्नार्ड वन’ (सुमारे १७४८) या चित्रावर तो प्रभाव स्पष्ट दिसतो. क्लोद लोरेंबरोबर डच चित्रकारांनीही घडविलेली ही इंग्रजी अभिरुची घेऊन टॉमस व विल्यम डॅनिएल १७९२ मध्ये मद्रासला आले. सेंट जॉर्ज किल्ला, आर्मेनियन पूल इत्यादी स्थळांची त्यांची चित्रे पुढे मुद्रित होऊन प्रसिद्ध झाली.

जुन्या मद्रासचे रूप जाणण्यासाठी ही चित्रे आजही पाहिली जातात. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते : किल्ल्याची भिंत वा पुलाची कमान ही स्थळाची साक्ष असू शकते, परंतु वृक्ष कोठे उभा करावा, छाया कोठे टाकावी आणि माणूस किती लहान दाखवावा, हे पुष्कळदा चित्रकाराने आपल्याबरोबर आणलेले असते. वन नसलेल्या देशातील वनचित्रे हा विवेक शिकवितात.