स्पाइकच्या अलीकडे आणि पलीकडे

एमआरएनए लशीचा विषय निघाला की सगळे स्पाइक प्रथिनाबद्दल बोलतात. आमच्या टेबलावर वाद रंगतो तो त्याच्या अलीकडच्या पन्नासेक आणि पलीकडच्या तीनेकशे अक्षरांवरून. या टोकांपासून प्रथिन बनत नाही. अलीकडच्या, म्हणजे ५ प्राइम यूटीआरवरून रायबोसोम नुसता सरकत पुढे जातो आणि पलीकडच्या ३ प्राइम यूटीआरच्या तोंडाशी तो उतरतो. पण वाचन किती जोमात सुरू होणार आणि पेशी संदेशाचे तुकडे कधी करणार, हे बऱ्याच अंशी या टोकांच्याच हाती असतं.

५ प्राइमचा भाग लहान, पण कटकटीचा. आधी शोधायचे ते आगंतुक एयूजी, म्हणजे वाचन सुरू करण्याच्या खुणा. जनुकाच्या आधीच एखादं सापडलं तर रायबोसोम तिथूनच सुरुवात करतो आणि आपलं प्रथिन बाजूला राहतं. मग जी आणि सी यांची गर्दी बघायची, कारण ती वाढली की आरएनए स्वतःवरच घट्ट दुमडतो. खऱ्या एयूजीच्या लगेच आधी जीसीसीएसीसी बसवायचं. ही चौकट मॅरिलिन कोझॅक यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिली. अगदी सुरुवातीच्या दोन-तीन अक्षरांवर तर आपला हक्कच नसतो, ती आरएनए बनवणारं टी७ पॉलिमरेज आणि संदेशाच्या टोकावरची टोपी यांच्या मर्जीनं ठरतात.

२०१९ साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं पन्नास-पन्नास अक्षरांचे सुमारे २,८०,००० यादृच्छिक ५ प्राइम यूटीआर पेशींत घातले, कुठल्यावर किती रायबोसोम चढतात ते मोजलं आणि त्यावर संगणकाला शिकवलं. आता अशा प्रारूपांकडून आम्हीही गुणपत्रिका काढून घेतो. नापासांना काढून टाकायला ती उत्तम. वरच्या दहांत पहिला कोण, हे मात्र मी तिला विचारत नाही.

३ प्राइमचं शहाणपण बरंचसं रक्ताकडून आलं. तांबडी पेशी पिकताना केंद्रक टाकून देते. त्यानंतर नवा संदेश नाही, आहे त्यावरच हिमोग्लोबिन बनवत राहायचं. म्हणून ग्लोबिनचा एमआरएनए विलक्षण टिकाऊ. त्याच्या ३ प्राइममधल्या सी-यूच्या पट्ट्यावर एक प्रथिन बसून राखण करतं. राखण उठली की काय होतं, हे कॉन्स्टंट स्प्रिंग या हिमोग्लोबिनच्या दोषात दिसतं (नाव जमैकातल्या किंग्स्टनच्या एका भागाचं). तिथे थांबण्याच्या यूएएचं सीएए होतं, रायबोसोम न थांबता ३ प्राइममध्ये घुसतो, ते प्रथिन उडवून लावतो आणि संदेश नासतो. परिणाम: अल्फा थॅलेसेमिया.

साहजिकच बरीच वर्षं ग्लोबिनचे तुकडे चिकटवणं हाच शिरस्ता होता. बायोएनटेकच्या संशोधकांनी वेगळं केलं. असंख्य तुकडे जोडलेले संदेश पेशींत सोडले, जे तग धरून राहिले ते उचलले, पुन्हा सोडले. फायझरबरोबरच्या लशीत आलेला एक तुकडा एईएस जनुकाचा, दुसरा चक्क मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोमल आरएनएचा. बैठकीत कुणी हा दुसरा सुचवला असता तर आम्ही त्याला चहा आणायला पाठवलं असतं.

निकाल लागतो तो पांढऱ्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये. जनुकाच्या जागी काजव्याचं लुसिफरेज घालायचं, कारण पेशीत ते काही तासांतच निम्मं होतं. प्रकाश टिकला तर संदेश जिवंत आहे असं धरायला हरकत नाही. त्याआधी आरएनए जेलवर चालवून बघायचा. एकच रेघ दिसली तर ठीक, खाली धूसर शेपूट ओढली गेली असेल तर ती बॅच फेकून द्यायची, मग टिप बदलणाऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी. वजनही फसवं असतं: लांब यूटीआरच्या संदेशाचे तेवढ्याच नॅनोग्रॅममध्ये कमी रेणू येतात, म्हणून रेणूंच्या हिशेबानं घालायचं. आणि संदेशाच्या शेवटी असलेल्या ए अक्षरांच्या शेपटीची लांबी तपासल्याशिवाय दोन यूटीआरची तुलना करूच नये. प्लाझमिड वाढवताना जिवाणू ही शेपूट परस्पर आखडती करतात. फायझरच्या लशीत ती ३० आणि ७० अशी तोडून मध्ये दहा अक्षरांचा सांधा आहे, तो याच कारणानं.

मग रीडिंग. ढोबळ मानानं सहा तासांचा आकडा ५ प्राइमची करामत सांगतो, ४८ तासांचा ३ प्राइमची. सकाळी सगळ्यांच्या पुढे असलेली वेल तिसऱ्या दिवशी विझलेली असणं आणि सुरुवातीला मंद असलेली रांग अजून तेवत असणं, हे आता नवं राहिलेलं नाही. कोणती निवडायची हे कामावर अवलंबून. लशीला दोन-चार दिवसांचा प्रकाश पुरतो. शरीरात कमी पडणारं प्रथिन भरून काढायचं असेल तर चिवट रांगच हवी.

एवढं करूनही प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या एचईके पेशींतला विजेता डेन्ड्रिटिक पेशींत मागे पडू शकतो. यकृतात मिर-१२२ हा छोटा आरएनए भरपूर असतो. ३ प्राइममध्ये त्याला जुळणारी जागा असली की संदेश तिथे गारद होतो, स्नायूत मात्र चालतो. काही जण ही जागा मुद्दाम ठेवतात. निसर्गातून उचललेल्या तुकड्यात तशी जागा नकळत येऊ नये, म्हणून आम्ही ती आधीच शोधतो. त्यामुळे डीएनएची ऑर्डर जाण्यापूर्वी औषध कसं देणार ते विचारून घ्यावं लागतं. दंडात टोचणार असाल तर एक यादी, शिरेतून देणार असाल तर दुसरी, कारण शिरेतून गेलेले नेहमीचे लिपिड कण बहुतांशी यकृतातच उतरतात.