वायल्डर साहेबांचा कोल्हापुरांतील नाताळ

कोल्हापुरांत न्यू शाहूपुरी या भागांत वायल्डर मेमोरियल चर्च नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. नाताळच्या दिवसांत तेथें आरास होते व प्रार्थनेस गर्दी लोटते. हें दृश्य नेहमींचें असल्यामुळें, ज्या गृहस्थांच्या नांवानें हें मंदिर उभें आहे त्यांनींहि कोल्हापुरांतील आपला पहिला नाताळ असाच, निदान घरच्या आठवणींनीं व्याकुळ होऊन, पाळला असेल असें सहज वाटतें. तरुण पाद्री, परका मुलूख, भोंवतीं अनोळखी लोक, आणि मनांत बर्फानें झांकलेलें जन्मगांव, हें चित्र रंगविण्यास फारसे श्रम पडत नाहींत. आमचीहि समजूत पुष्कळ दिवस तीच होती. परंतु सदर मिशनऱ्यांच्या पंथाचा इतिहास एका बाजूस व पंचांग दुसऱ्या बाजूस ठेवून पाहिल्यावर ही समजूत टिकत नाहीं, असें आमचें मत झालें. त्याचीं कारणें येथें देत आहों.

विषय वरवर क्षुल्लक दिसेल. पण ज्यांच्या संग्रहांत मिशनऱ्यांचे अथवा त्यांच्या शाळांचे कागद आहेत त्यांस तो तसा वाटणार नाहीं. विनातारखेच्या पत्रांत सणाचा किंवा सुट्टीचा उल्लेख आला कीं तो नाताळचाच समजून पत्रास डिसेंबरची तारीख लावण्याची प्रवृत्ति असते. आणि एकदां चुकलेली तारीख छापली गेली म्हणजे ती पुढें वर्षानुवर्षें लेखालेखांतून फिरत राहते.

रेव्हरंड रॉयल गूल्ड वायल्डर यांचा जन्म १८१६ सालीं अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत ब्रिडपोर्ट या गांवीं झाला. शिक्षण मिडलबरी कॉलेजांत व पुढें मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरच्या धर्मविद्यालयांत. १८४६ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते अमेरिकन बोर्डातर्फें सपत्नीक हिंदुस्थानांत आले व अहमदनगरच्या मिशनमध्यें दाखल झाले. या मिशनची मराठी मुलखांतील परंपरा जुनी होती. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले होते, आणि 'ज्ञानोदय' हें पत्र १८४२ सालीं नगरासच निघालें होतें. १८५२ सालीं वायल्डर कोल्हापुरास आले. म्हणजे कोल्हापूर त्यांस नवें होतें, मराठी नव्हती. वरील चित्रांतील 'अनोळखी लोकां'चा रंग येथेंच फिका होतो.

संस्थानची स्थिति त्या वेळीं अशी होती कीं, गादीवर बाबासाहेब ऊर्फ तिसरे शिवाजी महाराज असले, तरी १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर कारभाराचीं सूत्रें इंग्रजांच्या हातीं गेलीं होतीं. शाहूपुरी तेव्हां नव्हती. ती व्यापारी पेठ शाहू महाराजांच्या कारकीर्दींत, १८९५ सालीं वसली, व रेल्वेहि तत्पूर्वीं चारच वर्षें, १८९१ त, कोल्हापुरास पोंचली होती. जेथें आज गुळाच्या अडती व स्टेशनची वर्दळ आहे तो सारा भाग वायल्डर यांच्या पहिल्या डिसेंबरांत गांवाबाहेरचा होता.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वायल्डर ज्या न्यू इंग्लंड प्रांतांत वाढले तेथील जुन्या प्यूरिटन लोकांस नाताळ हा सणच मान्य नव्हता. येशूचा जन्म डिसेंबरच्या २५ तारखेस झाला असें बायबलांत कोठेंहि सांगितलेलें नाहीं. जें शास्त्रांत नाहीं तें उपासनेंत नको, हा त्यांचा सरळ न्याय. इंग्लंडांत पार्लमेंटानें १६४७ सालीं हा सण रद्द केला. मॅसॅच्युसेट्समध्यें तो पाळणाऱ्यास १६५९ च्या कायद्यानें पांच शिलिंग दंड होता. पुढें, १६८१ त, हा कायदा रद्द झाला, पण कायदा गेला म्हणून रीत बदलली नाहीं. त्या संस्थानांत २५ डिसेंबर ही कायदेशीर सुट्टी ठरली ती १८५६ सालीं, म्हणजे वायल्डर अँडोव्हर सोडून हिंदुस्थानांत आल्यानंतर दहा वर्षांनीं! स्कॉटलंडांतील प्रेस्बिटेरियनांचीहि गोष्ट हीच. १८२९ त मुंबईस आलेले प्रख्यात डॉक्टर जॉन विल्सन ज्या देशांतून आले, त्या देशांत नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पर्यंत नव्हती. आमच्याकडील वाचकांस हें ऐकून नवल वाटेल. 'ख्रिस्ती म्हणजे नाताळ' हें समीकरण आपण गोव्याच्या पोर्तुगीजांवरून व छावणींतील इंग्रज साहेबांवरून बसविलें, आणि नगरच्या अमेरिकन पाद्र्यांसहि तेंच लावून मोकळे झालों.

न्यू इंग्लंडच्या माणसाचा खरा कौटुंबिक सण निराळाच होता. पिकें घरांत आल्यावर, बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस, प्रत्येक संस्थानचा गव्हर्नर आभारप्रदर्शनाचा दिवस जाहीर करी. दूरदूरचीं मुलें त्या दिवशीं आईबापांच्या घरीं जमत. आपल्याकडे दिवाळीस माहेरवाशिणी येतात तसाच हा प्रकार. सबंध देशासाठीं एकच दिवस नेमण्याची वहिवाट प्रेसिडेंट लिंकन यांनीं १८६३ त पाडली. तत्पूर्वीं संस्थानागणिक तारीख वेगळी असे. तेव्हां तत्कालीन अमेरिकन मिशनऱ्याच्या पत्रांत घरच्या सणाची हुरहूर आढळल्यास आधीं नोव्हेंबर तपासावा, मग डिसेंबर.

२५ डिसेंबर १८५२ हा दिवस आपल्या कालगणनेंत कोठें पडतो हें पाहणें मनोरंजक आहे. त्या दिवशीं शनिवार होता. शके १७७४, परिधावी संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी. शुहूर सन सलास खमसैन मयातैन व अलफ, चंद्र रबिलावल. दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, मार्गशीर्षी पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंतीची पौर्णिमा. कोल्हापूरच्या मुलखांत या पौर्णिमेचें महत्त्व काय आहे तें नरसोबाच्या वाडीची यात्रा ठाऊक असणारांस सांगावयास नको. पंचगंगेच्या कांठीं ऊंस तुटण्याचे व गुऱ्हाळें चालण्याचे हे दिवस. पहांटे थंडी, पण व्हरमाँटच्या गोठलेल्या सरोवरांपुढें ती थंडी कसली!

सारांश, त्या शनिवारास कोल्हापूरच्या हिंदु रहिवाशाच्या लेखीं उद्यांच्या पौर्णिमेची चाहूल होती, आणि प्यूरिटन परंपरेंतील मनुष्याच्या लेखींहि तो केवळ उद्यांच्या रविवाराचा आदला दिवस होता. रविवार, प्रभूचा दिवस, हाच काय तो त्याचा शास्त्रोक्त सण. दोन्ही पक्षीं महत्त्वाचा दिवस एकच, २६ डिसेंबर, हा योगायोग आम्हांस मोठा चमत्कारिक वाटला. एका धर्माचे लोक त्या दिवशीं जन्मोत्सव करीत होते. आणि ज्याच्या धर्मांत जन्मोत्सव आहे असें आपण समजतों, त्याच्या पंथानें तो उत्सव दोनशें वर्षें नाकारला होता.

रविवाराखेरीज या मिशनऱ्यांस स्वदेशाशीं जोडणारा दुसरा दिवस म्हणजे महिन्याचा पहिला सोमवार. त्या दिवशीं अमेरिकेंतील मंडळ्या एकत्र जमून परदेशांतील मिशनांसाठीं प्रार्थना करीत, व मिशनरीहि आपापल्या ठिकाणीं तेंच करीत. आपल्या नांवानें आज घरीं प्रार्थना चालली आहे ही जाणीव घरच्या पत्राची वाट पाहत महिने काढणाऱ्या मनुष्यास केवढी असेल! कोल्हापुरांतील पहिल्या हिंवाळ्यांतला असा सोमवार ३ जानेवारी १८५३ रोजीं येतो. वायल्डर यांच्या एकटेपणाचा मागोवा घ्यावयाचा तर या तारखेच्या आसपास घ्यावा. पुढें १८६० पासून जानेवारींत प्रार्थनेचा सबंध सप्ताह पाळण्याची चाल पडली, आणि तिचें मूळ आवाहन हिंदुस्थानांतूनच, लुधियानाच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडून गेलें होतें.

याच्या उलट उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे, व तें वायल्डर यांच्या सुमारें पावणेतीनशें वर्षें आधींचें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्युइट ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचले. वय तिशीच्या घरांत. पोंचल्यावर पंधरवडा उलटतो न उलटतो तोंच, १० नोव्हेंबर रोजीं, त्यांनीं वडिलांस प्रवासाची हकीकत लिहिली. ती पुढें हॅक्लुइट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहांत छापली गेली. दोन महिन्यांतच आलेला नाताळ हा त्यांचा या देशांतील पहिला. त्यांच्या पंथांत हा सण वर्षांतील प्रमुख सणांपैकीं, तेव्हां तो पाळला जाण्याबद्दल संशय नाहीं. पण येथें दुसरीच गंमत झाली. १५८२ सालीं पोप ग्रेगरी यांनीं पंचांग सुधारून दहा दिवस गाळले. पोर्तुगालनें ही सुधारणा तत्काळ स्वीकारली व जहाजांबरोबर ती गोव्यासहि आली. इंग्लंडनें मात्र ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाहीं. परिणामीं, गोव्यांत नवें पंचांग आल्यापासून स्टीफन्स यांचा नाताळ लंडनांतील त्यांच्या आप्तांच्या नाताळाच्या दहा दिवस आधीं येऊं लागला. घरापासून दूर असलेल्या मनुष्यास निदान आपण व आपलें माणूस एकाच दिवशीं एक सण करतों हें समाधान असतें. तेंहि त्यांस उरलें नाहीं. १५८३ सालीं त्यांनीं भावास लिहिलेल्या पत्रांत येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशीं ताडून पाहिली आहे. मन कोठें रमूं लागलें होतें तें यावरून दिसतें. 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूरला छापलें गेलें, व तीन वर्षांनीं त्यांनीं याच भूमींत देह ठेवला.

'नाताळ' हा आपला शब्दहि त्याच बाजूनें आला. पोर्तुगीज 'नाताल' म्हणजे जन्मदिन. 'पाद्री' शब्दाचें माहेरहि तेंच. उत्तरेंत त्यास 'बडा दिन' म्हणतात. इंग्रज अधिकारी मुख्यतः अँग्लिकन पंथाचे असल्यामुळें सण पाळीत, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडे फळफळावळीची व मेव्याची 'डाली' पाठविण्याची चाल सर्वत्र होती. म्हणून डिसेंबरअखेरच्या जमाखर्चांत साहेबांच्या नांवें डाली खर्चीं पडलेली दिसल्यास ती पोलिटिकल साहेबांची समजावी. तिच्यावरून मिशनच्या बंगल्यांत नाताळ झाला असें अनुमान काढूं नये. गोव्याचा पाद्री, छावणीचा साहेब आणि अमेरिकन मिशनरी हे तिघेहि मोडी कारकुनाच्या दृष्टीनें 'टोपीवाले'च; पण २५ डिसेंबर या तारखेपुरते ते तीन निरनिराळ्या धर्माचे लोक होते म्हटलें तरी चालेल.

एवढें मात्र सांभाळलें पाहिजे कीं, आमचें हें म्हणणें वायल्डर यांच्या पहिल्या मुक्कामापुरतें आहे. १८५४-५५ त बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीसाठीं आले. मिशनच्या शाळा, विशेषतः इंग्रजी शाळा, कमी कराव्या असा त्यांचा रोख होता. वायल्डर यांस तो पटला नाहीं. ते १८५७ त स्वदेशीं गेले, बोर्डाशीं बिनसलें, आणि १८६१ त मिशनशाळांच्या बाजूनें ग्रंथ प्रसिद्ध करून त्याच वर्षीं स्वतःच्या जबाबदारीवर कोल्हापुरास परतले. ज्या चार वर्षांत ते अमेरिकेंत होते त्या काळांत तेथें नाताळ घराघरांत शिरत होता. १८७० सालीं तर अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनेंहि ती सुट्टी मानली, आणि त्याच सालीं कोल्हापूरचें मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या स्वाधीन झालें. यास्तव १८६१ नंतरच्या कागदांस पहिल्या मुक्कामाचा नियम जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. संग्रहांत हे दोन गठ्ठे वेगळे बांधावे हें बरें.

दुसऱ्या मुक्कामांत, २ ऑगस्ट १८६३ रोजीं, त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांचा जन्म कोल्हापुरासच झाला. तेथेंच बालपण घालवून १८७५ त, बाराव्या वर्षीं, ते आईबापांबरोबर अमेरिकेस गेले. १८८६ त तेथील विद्यार्थ्यांमध्यें परदेशीं मिशनरी म्हणून जाण्याची जी मोठी चळवळ उठली तिचे हे एक आद्य प्रवर्तक. वडील १८८७ सालीं न्यू यॉर्क येथें वारले. आई व बहीण ग्रेस पुन्हां हिंदुस्थानांत आल्या, आणि रॉबर्टहि पुढें कांहीं काळ येथें काम करून गेले. या कुटुंबास परदेश कोणता व घर कोणतें हें ठरविणें कठीण आहे. बापाच्या आठवणींत बर्फ असेल. मुलाच्या आठवणींत ऊंसाचे मळे व पंचगंगेचा घांट असणार.

राहतां राहिली विनंति. ज्या कोल्हापूरकर मंडळींच्या घरीं शके १७७४ च्या मार्गशीर्ष-पौषांतील मोडी कागद असतील, त्यांनीं 'नाताळ' हा शब्द शोधण्यांत वेळ दवडूं नये. मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमा रविवार, आणि पुढच्या कृष्णपक्षांतील ३ जानेवारीचा सोमवार, या दोन दिवसांच्या नोंदी काढून पाहाव्या. पाद्र्याकडे मंडळी जमल्याचा, वाचन झाल्याचा, अथवा शाळा बंद राहिल्याचा उल्लेख मिळाला तर मित्तीवारासह नक्कल करून ती प्रसिद्ध करावी.