खुराड्याची कडी लावली का?

परसदारी चार-सहा कोंबड्या पाळणे हा सोपा आणि दोन पैसे मिळवून देणारा उद्योग. पण एका रात्रीत सगळे खुराडे रिकामे होऊ शकते. चोर कोण, तो शिरतो कुठून आणि त्याला अडवायचे कसे?

सकाळी सून कण्यांची वाटी घेऊन मागच्या दारी जाते. एरवी तिची चाहूल लागताच खुराड्यात कलकलाट सुरू होतो. आज मात्र सगळे शांत. खुराड्याचे दार अर्धवट उघडे, अंगणभर पिसे. सहापैकी चार कोंबड्या मरून पडलेल्या, एक नाहीशी झालेली आणि एक शेवग्याच्या फांदीवर भेदरून बसलेली.

"रात्री कडी लावली होतीस ना गं?" सासूबाई विचारतात.

"लावली होती, आई. पण कडीत खिळा घातला नव्हता."

कोंबड्या पाळणाऱ्या कोणत्याही घरात कधी ना कधी घडतो असा हा प्रसंग. ऐकणाऱ्याला तो किरकोळ वाटेल, पण त्या घरातल्या बाईला तसा वाटत नाही. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात आणि ते पिल्लू अंड्यावर यायला साधारण सहा महिने. देशी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. मुलांच्या वह्या, एस.टी.चे भाडे, अडीअडचणीचे औषध अशा गोष्टी याच पैशांतून निघतात. अनेक घरांत बाईच्या हातचा असा हा एवढाच पैसा असतो. म्हणूनच कोंबड्यांच्या दाण्यापाण्याइतकाच त्यांच्या रखवालीचाही विचार करायला हवा.

आधी चोर ओळखा

कोंबडी गेली की खापर फुटते ते मुंगसाच्या डोक्यावर. पण मुंगूस हा दिवसा हिंडणारा प्राणी आहे. तो मान किंवा डोके धरतो, सापडली तर अंडीही फोडून खातो. रात्री छपरावरून उतरतो तो बहुतेक वेळा उदमांजर. रानमांजर किंवा कोल्हा एखादी कोंबडी उचलून नेतो, मागे पिसांची रांग राहते. मोकाट कुत्री शिरली तर बहुतेक कोंबड्या फाडलेल्या असतात, खाल्लेल्या मात्र थोड्याच.

टरफलही न उरता अंडी नाहीशी होत असतील तर सापाची शंका घ्यावी. लहान पिल्ले रात्रीतून कमी होत असतील आणि भिंतीकडेला बीळ दिसत असेल, तर ते काम घुशीचे किंवा उंदराचे. आणि भर दुपारी मोकळ्या अंगणातून पिल्लू गेले, तर वर पाहावे. घार, शिक्रा किंवा कावळा जवळपास असतोच.

आणखी एक गोष्ट. कोंबड्या मान वाकडी करून, लुळ्या पडून मरत असतील तर तो शिकारी नव्हे, मानमोडी रोग असू शकतो. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून याला राणीखेत रोगही म्हणतात. मेलेली कोंबडी मग कुत्रा ओढून नेतो आणि आळ मात्र त्याच्यावर येतो. इथे कडी-कुलूप उपयोगाचे नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर लस द्यावी.

खुराडे कसे असावे?

कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. एकदा दांडीवर बसली की ती तिथून हलत नाही. त्यामुळे खुराड्यात शिरलेल्या जनावराला ती अलगद सापडते. रात्रीची तिची सारी सुरक्षितता खुराड्यावरच अवलंबून असते.

खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, खांबांवर असावे. ईशान्य भारतात अनेक ठिकाणी बांबूची अशी उंच खुराडी पाहायला मिळतात. खांबांना गुळगुळीत पत्रा गुंडाळला, तर उंदीर-घुशींना चढता येत नाही. खुराड्यावर फांद्या टेकलेल्या असतील तर छाटाव्यात.

बाजारात मिळणारी षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो. तिच्याऐवजी अर्ध्या इंची चौकोनांची वेल्ड केलेली मजबूत जाळी घ्यावी. मुठीएवढी फट मुंगसाला पुरते आणि बोटाएवढी फट लहान सापाला. खुराडे जमिनीवरच असेल तर जाळी फूट-दीड फूट खोल पुरावी, म्हणजे उकरून आत येता येणार नाही. कोंबड्या बसतात ती दांडी जाळीपासून दूर, मध्यभागी असावी. नाहीतर बाहेरून पंजा घालून कोंबडी ओढता येते.

दाराला नुसती कडी पुरेशी नाही. दाराला धडका बसल्या की सैल कडी निघून येते. कडीत खिळा किंवा साधे कुलूप घालावे.

दिवसाची रखवाली

दिवसा कोंबड्यांना मोकळे सोडावेच लागते. अंगण अगदी उघडे-बोडके नसावे. जास्वंद, अडुळसा, कर्दळ अशी झुडपे असली, की घार दिसताच पिल्लांना आसरा मिळतो. कोंबडा जवळ असेल तर उत्तमच. आकाशातल्या शत्रूसाठी आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी तो दोन वेगवेगळे आवाज काढतो आणि कोंबड्या त्याप्रमाणे दडतात किंवा सावध उभ्या राहतात.

पिल्लांचे पहिले सहा ते आठ आठवडे सर्वांत जोखमीचे. तोवर त्यांना डालग्याखाली ठेवावे आणि डालग्यावर दगड ठेवावा. किनाऱ्यालगतच्या गावांत जुने मासेमारीचे जाळे सहज मिळते. ते चार काठ्यांवर ताणले, की पिल्लांना फिरायला सुरक्षित जागा होते.

गिरिराज, वनराजा अशा सुधारित जातींची कोंबडी देशीपेक्षा जास्त अंडी देते, पण अंगाने जड असल्याने झटकन झाडावर चढू शकत नाही. अशा कोंबड्यांकडे अधिक लक्ष हवे.

विष आणि वीज नको

नुकसान झाले की संताप येणारच. मग कुणी मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक घालून ठेवतो, कुणी कुंपणात विजेचा प्रवाह सोडतो. दोन्ही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. ते विष शेजारचा कुत्रा खातो, घार खाते, अंगणात खेळणाऱ्या मुलाच्याही हाताला लागू शकते. कुंपणातल्या विजेने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घोरपड, नाग या सर्वांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे. आणि हेच मुंगूस एरवी घराभोवतीचे उंदीर आणि साप खात असते, हेही विसरू नये.

जुन्नरसारख्या बिबट्यांचा वावर असलेल्या भागात खुराडे घराच्या भिंतीला लागून बांधावे. रात्री कोंबड्यांचा गलका ऐकू आला तरी एकट्याने बाहेर धावू नये. आधी दिवा लावावा, आवाज करावा आणि गरज वाटल्यास वनखात्याला कळवावे.

दिवेलागणीला एवढे कराच

• कोंबड्या मोजून आत घ्या. अंधार पडण्याआधी दार लावा आणि कडीत खिळा घाला.

• सांडलेले दाणे झाडून काढा. दाण्यांना उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

• अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. अंधारात खुडूक कोंबडीखाली किंवा घरट्यात कधीही हात घालू नका. आधी बॅटरीचा उजेड पाडून पाहा.

• आठवड्यातून एकदा खुराड्याभोवती फेरी मारून नवी बिळे आणि फटी बुजवा.

या कामांना दहा मिनिटेही लागत नाहीत. घरातल्या शाळकरी मुलाकडे कोंबड्या मोजण्याचे काम दिले तर तेही ते हौसेने करते. कोंबडी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येते. ती आली, की तिच्यामागे दार नीट लावायचे काम आपले.