गाजर गवत : जमिनीतील छुपी झुंज

पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला व शेताच्या बांधावर पांढऱ्या फुलांनी डवरलेले गाजर गवत सर्वांच्या परिचयाचे आहे. मूळच्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतील या तणाची भारतात प्रथम नोंद झाली ती पुण्यात, १९५५ साली. त्यानंतर ते देशभर पसरले.

हे तण पिकाच्या वाट्याचे पाणी व अन्नद्रव्ये तर घेतेच; पण त्याचे खरे बळ जमिनीत आहे. त्याच्या मुळांतून आणि कुजणाऱ्या पानांतून पार्थेनिन व इतर रासायनिक द्रव्ये मातीत उतरतात. त्यांमुळे पिकांच्या बियांची उगवण मंदावते व रोपांची वाढ खुंटते. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जीवाणूंनाही ही द्रव्ये बाधक ठरतात. म्हणजे जमिनीचा कस वाढविणारे पीकच दुबळे होते.

एका झाडापासून हजारो बिया तयार होतात व त्या मातीत अनेक वर्षे टिकतात. म्हणूनच पावसाळ्यात जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वीच, हे तण मुळासकट उपटणे हिताचे. उपटलेले तण शेतात न टाकता खड्ड्यात कुजवावे. त्याच्या स्पर्शाने त्वचारोग व परागकणांनी दमा उद्भवू शकतो. म्हणून हातमोजे वापरावेत. मुलांना तणाची ओळख करून द्यावी, मात्र ते उपटण्याच्या कामास लावू नये.

एकाने शेत स्वच्छ केले आणि शेजारची गायराने तशीच राहिली, तर बी पुन्हा येणारच. सार्वजनिक जागांची सफाई ग्रामपंचायतीने हाती घेतली, तरच शेतकऱ्याचे श्रम सार्थकी लागतील.