आडनावातली आगंतुक रेघ

वसई किंवा गोव्याहून परदेशी स्थायिक झालेल्या डि'सोझा यांचे आडनाव जुन्या संकेतस्थळांवरील अर्जात भरल्यावर कधी ‘डि\'सोझा’ असे उमटते. एकेरी अवतरणचिन्ह दिसताच मजकूर संपला, असे डेटाबेस समजतो आणि पुढील अक्षरे आज्ञा ठरू शकतात. म्हणून पीएचपी ही संगणकभाषा पूर्वी त्या चिन्हाआधी आपणहून बॅकस्लॅश जोडत असे. प्रोग्रामरनेही तो पुन्हा जोडला, की एक रेघ नावात कायमची राही. ही सोय २०१२ मध्ये ५.४ या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. नाव मुळाबरहुकूम ठेवावे. आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे स्वतंत्रपणे पाठवावी, हाच खरा उपाय. अन्यथा पासपोर्टावरील नावाशी नोंद जुळत नाही आणि मनस्ताप नावाच्या धन्याला होतो.